चकती कालबाह्य झाली, असे कोण म्हणते?

१/ ‘स्ट्रीमिंग असताना ब्लू-रे प्लेअर हवा कशाला?’ हा प्रश्न वरकरणी आधुनिक वाटतो. प्रत्यक्षात तो इतिहासाच्या विस्मरणातून उपजलेला आहे.

२/ डीव्हीडीचा तांबडा लेझर ६५० नॅनोमीटरचा, ब्लू-रेचा निळसर-जांभळा ४०५चा. खुणा सूक्ष्म झाल्या आणि तेवढ्याच आकाराच्या चकतीच्या एका थरात ४.७ऐवजी २५ गिगाबाइट मावू लागले. इंटरनेट मंदावले तरी हे चित्र धूसर होत नाही.

३/ फेब्रुवारी २००८मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीतून माघार घेतली. तंत्र हरले, पण विकलेल्या चकत्या कुणाच्या घरातून कुणी उचलून नेल्या नाहीत.

४/ याउलट जुलै २००९मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलचे ‘१९८४’ वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसले. कारण प्रकाशनहक्कांचे होते, पैसेही परत मिळाले. पण ‘विकत घेणे’ या शब्दाचा अर्थ त्या दिवशी उघडा पडला.

५/ ‘चकत्याही खराब होतात’ हा आक्षेप खराच. पण ‘आलम आरा’ची (१९३१) एकही प्रत आज उपलब्ध नाही. विनाशावर उतारा एकच: प्रती अनेक, मालक अनेक. सर्व्हरवरची प्रत ही कृपा आहे. फडताळातली चकती हा हक्क आहे.