युद्धकाळातील मौन हे देशकार्य नव्हे



युद्ध सुरू झाले की आपल्या घरांतून, विहारांतून आणि जयंतीच्या बैठकांतूनही एक वाक्य हटकून कानी पडते : ‘आता ही वेळ टीकेची नाही.’ मायदेशाच्या सीमेवर तोफा धडाडल्या की ते भारतातील नेत्यांविषयी उच्चारले जाते. ब्रिटनचे सैन्य रणांगणात उतरले की येथील पंतप्रधानांविषयी. आम्हा स्थलांतरितांसाठी त्याला आणखी एक पुरवणी जोडलेली असते : आपण येथे पोटासाठी आलो, पाहुण्याने यजमानाच्या भांडणात पडू नये. असे म्हणणारी मंडळी अप्रामाणिक आहेत असा आमचा आरोप नाही. परंतु ही भूमिका आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे, आणि बाबासाहेबांच्या अनुयायांना ती मुळीच शोभत नाही.

ज्या देशात आपण राहतो त्याचाच इतिहास प्रथम पाहावा. 1940 च्या मे महिन्यात नॉर्वेची मोहीम फसली होती आणि हिटलरच्या फौजा कोठवर येतील याची कोणासही शाश्वती नव्हती. अशा वेळी, 7 व 8 मे रोजी, हाऊस ऑफ कॉमन्समध्ये पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांच्या कारभाराची उघड चिरफाड झाली. ॲडमिरल रॉजर कीज नौदलाचा गणवेश चढवून सभागृहात आले आणि मोहिमेच्या हाताळणीवर तुटून पडले. लिओ ॲमरी यांनी क्रॉमवेलच्या जुन्या शब्दांचा आधार घेऊन पंतप्रधानांना तोंडावर चालते होण्यास सांगितले. हे दोघेही चेंबरलेन यांच्याच पक्षाचे होते! मतदानात सरकार 281 विरुद्ध 200 असे जिंकले खरे, परंतु दोनशेहून अधिक मतांचे बहुमत 81 वर घसरले. 10 मे रोजी पहाटे जर्मन सैन्य हॉलंड व बेल्जियममध्ये घुसले. शत्रू चालून आला असता नेता बदलू नये, हा विचार त्या सकाळी खुद्द चेंबरलेन यांच्याही मनात आला होता. त्यांचे निकटचे सहकारी किंग्जली वूड यांनीच तो खोडून काढला. मजूर पक्षाने त्यांच्या हाताखाली काम करण्यास नकार दिला आणि त्याच सायंकाळी चर्चिल पंतप्रधान झाले. (नॉर्वेच्या अपयशात नौदलमंत्री या नात्याने चर्चिल यांचाही वाटा होता, हे त्यांचे भक्त सहसा सांगत नाहीत.) पुढे टोब्रुक पडल्यावर जुलै 1942 मध्ये चर्चिल यांच्यावरही अविश्वासाचा ठराव आला. तो 475 विरुद्ध 25 मतांनी फेटाळला गेला. त्या पंचवीस जणांना कोणी देशद्रोही ठरवून तुरुंगात धाडले नाही, आणि त्यांच्या मतांमुळे ब्रिटन युद्ध हरलेही नाही.

ॲमरींचे गोडवे गाण्याचे आम्हांस काही कारण नाही. त्याच महिन्यात ते भारतमंत्री झाले, आणि लंडनमध्ये जो हक्क त्यांनी बजावला तो त्यांच्या अमदानीत हिंदुस्थानात कोणालाही नव्हता. ऑक्टोबर 1940 मध्ये युद्धविरोधी भाषण केले म्हणून विनोबा भावे यांना तुरुंगवास झाला. विनोबांच्या मताशी आमचा संबंध नाही. परंतु एकाच साम्राज्यात, एकाच वर्षी, नागरिक प्रश्न विचारीत होता आणि प्रजा गजाआड जात होती. जो आज स्वेच्छेने मौन पत्करतो, तो आपल्या हाताने नागरिकाचा पुन्हा प्रजाजन होतो.

आता बाबासाहेबांकडे वळू. जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. नाझीवादाचा पराभव झालाच पाहिजे, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. अशा ऐन युद्धात, स्वतः सरकारात असताना, 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात रानडे जयंतीच्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेवर घणाघाती प्रहार केला. व्याख्यानाचा विषय युद्ध हा नव्हता, हे आम्ही मान्य करतो. पण थोर म्हणविणाऱ्या पुरुषांची परखड चिकित्सा करण्यासाठी त्यांनी तोफा थंडावण्याची वाट पाहिली नाही, हेही तितकेच खरे. 1951 मध्ये नेहरू मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी परराष्ट्रधोरणावर टीका केली आणि सुमारे 350 कोटींच्या महसुलातून 180 कोटी सैन्यावर खर्च होतात, याचा हिशेब मागितला. सैन्याचा हिशेब मागणे हा सैनिकांचा अवमान, असे म्हणणाऱ्यांनी हे निवेदन एकदा अवश्य वाचावे.

शत्रूला फायदा होतो, हा आक्षेप मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. पलटणी कोठे आहेत, दारूगोळा किती आहे, हे कोणी चव्हाट्यावर मांडू नये, ही गोष्ट निर्विवाद. नेत्याचा निर्णय शहाणपणाचा होता की नाही, ही बाब निराळी. 20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनचे आक्रमण झाले. लढाई चालू असतानाच विरोधकांच्या मागणीवरून संसदेचे अधिवेशन अलीकडे आणून 8 नोव्हेंबरला भरविण्यात आले. त्याच्या आदल्याच दिवशी, स्वपक्षीयांच्याही दडपणामुळे, कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले. त्या टीकेने देशाची हानी झाली नाही. हानी केली ती दुसऱ्या बाजूने. लढाई महिनाभरात थांबली, तरी 26 ऑक्टोबरला पुकारलेली आणीबाणी जानेवारी 1968 पर्यंत रेटली गेली. भारतातच वाढलेल्या चिनी वंशाच्या कुटुंबांना राजस्थानातील देवळी येथे छावणीत डांबण्यात आले. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल 1963 मध्ये तयार झाला, पण सरकारने तो दडवून ठेवला. त्याचा मोठा भाग 2014 मध्ये उघडकीस आणला तो नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने. युद्धात विचारावयाचे नाही म्हणून सांगितले गेले, आणि युद्धानंतरही उत्तर मिळाले नाही.

आणि किंमत कोण मोजतो? पहिल्या महायुद्धात उभारलेली 111 वी महार पलटण युद्ध संपल्यावर मोडून टाकण्यात आली. गरज पडताच 1941 मध्ये महार रेजिमेंट बेळगावला पुन्हा उभी राहिली. आपल्या आज्या-पणज्यांनी ही माणसे धाडली. त्यांच्या वंशजांना निर्णयकर्त्यांची उलटतपासणी घेण्याचा अधिकार नसेल, तर तो कोणाला आहे?

येथील ताजे उदाहरण 2003 मधील इराक युद्धाचे. 17 मार्चला रॉबिन कुक यांनी मंत्रिपद सोडले, दुसऱ्या दिवशी मजूर पक्षाच्या 139 खासदारांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत दिले, तरीही सैन्य गेले. 179 ब्रिटिश सैनिक आणि अगणित इराकी माणसे मरण पावली. चिल्कॉट समितीचा अहवाल यावयास 2016 चा जुलै उजाडला. त्या वेळी ‘आपण पाहुणे’ म्हणून गप्प बसलेल्या आपल्या मंडळींना आम्ही विचारतो : कर भरताना, मतदान करताना, आपली मुले येथील इस्पितळांत आणि सैन्यात नोकरीस लावताना आपण पाहुणे असतो काय?

पुण्याचे ते 1943 चे व्याख्यान येत्या वर्षी युवक शाखेच्या अभ्यासवर्गात वाचावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे. ज्यांना आमचे म्हणणे पटत नाही त्यांनी आपला प्रतिवाद लिहून पाठवावा. पुढील स्मरणिकेत तो एकही अक्षर न गाळता छापला जाईल.