बाबांच्या गॅरेजमधली सावली

दिवाळीच्या जरा आधी आमच्या बाबांनी राजीनामा दिला. नोकरीतून ते केव्हाच रिटायर झालेत हो, हा राजीनामा गॅरेजचा होता! गाडी विकल्यापासून ती १० बाय १८ फुटांची जागा म्हणजे बाबांचं साम्राज्य. रंधा, पटाश्या, करवती, एक बेंच ड्रिल आणि हवेत कायम सागवानाच्या भुशाचा वास. पण लागोपाठ दोन ड्रॉवर वाकडे झाले, रेघ दोन-तीन मिलिमीटरनं चुकायला लागली आणि एक दिवस पटाशी थेट अंगठ्यात. तीन टाके. ‘हात गेला माझा आता,’ म्हणत त्यांनी पटाश्यांना तेल लावून कापडात गुंडाळलं आणि ओळखीच्या सुतारकाकांना फोनही करून टाकला. ‘घेऊन जा.’

मला काही ते पटेना. कारण हेच बाबा सकाळी खिडकीत बसून माझ्या चष्म्याचा इवलासा स्क्रू बसवून देतात. हात गेलेला माणूस हे करेल? मग एका शनिवारी मी स्वतः त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले, हातात पेन्सिल घेतली आणि माझी ट्यूब पेटली! गॅरेजमध्ये दिवा एकच. छताच्या बरोब्बर मध्ये, जुनी चोकवाली ट्यूब. टेबल भिंतीला लागून. म्हणजे कामाला उभं राहिलं की दिवा पाठीमागे आणि आपलीच सावली नेमकी रेघेवर. कित्येक वर्षं बाबा स्वतःच्या सावलीत करवत चालवत होते. तिशीत ते खपून जातं. साठीनंतर मात्र डोळ्याची बाहुली पहिल्यासारखी मोठी होत नाही, आतलं भिंग पिवळसर होतं आणि विशीतल्या डोळ्याच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड आत पोचतो.

उजेड कमी आहे ना? मग मोठा दिवा आणा! प्रॉब्लेम दिसला की त्यावर बजेट ओतायचं, ही आपली ऑफिसातली सवय. तापकीर गल्लीतून मी ५० वॅटचा एलईडी फोकस उचलला (‘मॅडम, १०० चा घ्या, रात्री क्रिकेट खेळाल,’ इति दुकानदार) आणि शटरच्या वर ठोकून घेतला. संध्याकाळी बटण दाबलं. गॅरेज असं उजळलं की शेजारचे काका विचारायला आले, घरात लग्नबिग्न आहे का! आणि टेबलावर? तीच सावली, फक्त आता काळीकुट्ट. वळून बघितलं की डोळ्यांपुढे काजवे. बाबा एवढंच म्हणाले, ‘अगं, आधीचंच बरं होतं.’

मग मात्र नीट अभ्यास केला. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. उजेड किती देतो ते लुमेनमध्ये, आणि खोक्यावर ते छापलेलं असतं. साधी चार फुटी, २० वॅटची एलईडी पट्टी साधारण २,००० लुमेन देते. अशा चार घेतल्या. ८,००० लुमेन भागिले आमचे १७ चौरस मीटर, म्हणजे कागदावर पावणेपाचशे लक्स. त्यातले बरेचसे भिंती आणि कोपरे गिळतात, पण निम्मे उरले तरी फळ्या शोधायला भरपूर. टेबलावर मात्र ५०० तरी हवेतच. ऑफिसच्या डेस्कलाही तेवढे धरतात, आणि तिथे आपण करवत चालवत नाही!

खरी गंमत जागेची. चारपैकी दोन पट्ट्या टेबलाच्या पुढच्या कडेच्या बरोब्बर वर लावल्या, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या पुढे. सावली गेली पाठीमागे! शिवाय एका पट्टीनं पाडलेली सावली दुसरी पुसून टाकते. ऑपरेशन थिएटरच्या दिव्यात अनेक दिवे असतात ते याचसाठी. आणि टेबलाच्या डाव्या अंगाला एक वळत्या दांडीचा दिवा. बाबा उजवे आहेत, त्यामुळे हाताची सावली कामावर न पडता बाहेर पडते.

चोकवाली ट्यूब मी आधी काढून टाकली. का, ते ऐका. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. डोळ्याला कळत नाही. पण ड्रिलचा तीन जबड्यांचा चक मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर दर लुकलुकीला तो नेमका एक तृतीयांश फेरा फिरतो. एका जबड्याच्या जागी दुसरा. चक थांबलाय असा भास होऊ शकतो, आणि अशा वेळी माणूस बिनधास्त हात घालतो! स्वस्तातल्या एलईडीतही ड्रायव्हर हलका असला की हीच भानगड. म्हणून दुकानातच दिव्यापुढे पेन्सिल जोरात हलवून बघा. एकसंध पुसट पंखा दिसला तर घ्या. सुट्या सुट्या पाच-सहा पेन्सिली दिसल्या तर नको. दुकानदार विचित्र नजरेनं बघतो. बघू दे.

बाकी ‘व्हाइट की यलो?’ या प्रश्नाला उत्तर ४००० केल्विन. ६५०० चा निळसर उजेड मला तरी दवाखान्यासारखा वाटतो. टेबलावरच्या दिव्याचा सीआरआय तेवढा ९० च्या वर बघितला, नाहीतर पॉलिशची लालसर छटा मेल्यासारखी दिसते. पट्ट्या बंद कव्हरच्या, आयपी ६५ वाल्या, म्हणजे भुसा आत शिरत नाही. आणि वायरमनला बजावून दिवे आणि मशिन वेगवेगळ्या एमसीबीवर घेतले. ड्रिल अडकून एमसीबी पडला आणि नेमका तेव्हाच अंधार झाला तर?

सुतारकाका आले त्या दिवशी फिटिंग नुकतंच संपलं होतं. बाबांनी बटण दाबलं आणि दोन मिनिटं नुसते टेबलाकडे बघत राहिले. मग कोपऱ्यातलं, मागच्या वर्षी मोठ्या कौतुकानं केलेलं स्टूल उचलून उजेडात धरलं.

‘अगं, हे असं पॉलिश केलंय मी? आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत?’

सुतारकाका चहा पिऊन रिकाम्या हातानं परत गेले. स्टुलाचं पॉलिश खरवडायचं काम चालू आहे.