हेडमास्तर, निष्ठा कुणाशी?

हेडमास्तरांना आता पुढारपण शिकवतात. 2012 साली त्यासाठी दिल्लीत राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र निघालं. 2019 साली मास्तरांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी ‘निष्ठा’ नावाचं प्रशिक्षण आलं. शिकवा की. आमचा सवाल एवढाच, ही निष्ठा कुणाशी? वरच्या साहेबाशी की मागच्या बाकावरच्या पोराशी?

मी सूतगिरणीत साच्यावर असतो. वाचायची गोडी लागली ती रातपाळीत. शाळा सातवीत सुटली. दाखल्यावर लिवलंय, मी सोडली. त्या शाळेत वर्ग झाडायची पाळी आमच्याच वस्तीतल्या पोरांवर यायची. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता, तरी रोज पाळला जायचा. हेडमास्तर रोज त्याच वऱ्हांड्यातनं जायचे.

साच्यावर धागा सारखा तुटायला लागला तर आम्ही धाग्याला आळशी म्हणत नाही. ट्रॅव्हलर झिजलाय का, हवेत ओल कमी झालीय का, रोव्हिंग खराब आलंय का, ते बघतो. पोरगं शाळेतून तुटलं की मात्र हेडमास्तर म्हणतो, ह्यांच्यात शिकायची आवडच नाही.

सहावी ते आठवी ही नेमकी तुटायची जागा. पोराच्या हातात बळ येतं, ते मालकाला दिसतं. पोरगी मोठी होते आणि शाळेच्या संडासाला कडी नसते. ही कडी बसवायला कसलं प्रशिक्षण लागतं?

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 2010 ला. तो सांगतो, सहावी ते आठवीत शंभराच्या वर पोरं असली तर पूर्ण वेळ मुख्याध्यापक पाहिजे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक, निम्म्या बाया, आणि दुर्बळांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेचा विकास आराखडा ह्या समितीनं करायचा. म्हंजे कायद्यानं पुढारी एकटा हेडमास्तर नाही. भांडी घासणारी आमची आईसुद्धा आहे.

पण बैठक कधी? कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. आई दुसऱ्याच्या मोरीवर, बाप पाळीवर. खाडा केला की पगार कापला. मग संध्याकाळी रजिस्टरच दारात येतं. इथं सही करा, इथं अंगठा. झाला आराखडा मंजूर!

हेडमास्तरांचं रडगाणं आम्हाला ठाऊक आहे. खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, वरनं रोज नवा कागद. खोटं नाही ते. पण कलम 27 सांगतं, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षणाबाहेरचं काम मास्तराला लावायचं नाही. मग बाकीच्या कामाला एकदा तरी ‘नाही’ म्हणा. आमच्यापुढं चढतो तो आवाज साहेबापुढं कुठं जातो?

1882 साली हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी मागितलं होतं, मास्तर असा पाहिजे की ज्याला वेळ आली तर नांगर धरता येईल, खालच्या माणसांत मिसळता येईल. साताऱ्याच्या शाळेत शिपाई नसला की लहानग्या भीमरावाला पाणी मिळत नसे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. हजेरीपट, घंटा, परीक्षा त्याही शाळेत असणारच. तपासणीला आलेल्या साहेबाला ती सुधारलेलीच दिसली असती.

म्हणून हेडमास्तर, तुमच्या भिंतीवरची चित्रं आम्हाला दाखवू नका. झाडू कुणाच्या हातात असतो ते दाखवा. पाण्याला आधी कोण जातं ते दाखवा. सहावीला किती पोरं होती, आठवीला किती उरली, गेलेली कुठल्या वस्तीतली, ती यादी दाखवा. ती घेऊन आमच्या गल्लीत या.

पुढची बैठक सुट्टीच्या दिवशी लावा, वस्तीतल्या विहारात. आम्ही येतो. आराखडा मोठ्यानं वाचा, आमच्या बायकांना बोलू द्या. सही त्यानंतर.

जय भीम.