विश्लेषण : अवयव प्रत्यारोपणानंतर नव्याने मधुमेह का होतो?

अवयव घेऊन निघालेल्या रुग्णवाहिकेसाठी ‘ग्रीन कॉरिडॉर’ केल्याच्या बातम्या पुणेकरांना नव्या नाहीत; लोहगाव विमानतळाजवळच्या विश्रांतवाडीकरांना तर नाहीतच. अवयव रुग्णालयात पोहोचला की बातमी संपते. रुग्णाची पुढची कसोटी मात्र तिथून सुरू होते. त्यातलीच एक म्हणजे आधी नसलेला मधुमेह.

हा आजार काय आहे?

वैद्यकीय भाषेत याला ‘पोस्ट ट्रान्सप्लांट डायबेटिस मेलिटस’ (पीटीडीएम) म्हणतात. पूर्वी ‘नव्याने उद्भवलेला मधुमेह’ असे नाव होते. २०१३ मधील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या बैठकीनंतर ते बदलले. कारण काहींना मधुमेह आधीपासूनच असतो, फक्त निदान झालेले नसते.

औषधांमुळे साखर कशी वाढते?

शरीर नवा अवयव परका समजते. तो नाकारला जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. त्यापैकी टॅक्रोलिमसमुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवते. स्टिरॉइडमुळे इन्सुलिनचा परिणाम घटतो आणि यकृत जास्त साखर रक्तात सोडते. घरात मधुमेह असणे, वाढते वय, लठ्ठपणा आणि हिपॅटायटिस सी यांमुळे धोका आणखी वाढतो.

उपाशीपोटी चाचणी पुरेशी आहे का?

नाही. सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडमुळे साखर दुपारी-संध्याकाळी चढते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलेली असू शकते. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ पाहून रुग्ण निर्धास्त होतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ चाचणीही सुरुवातीच्या काळात रक्तक्षय किंवा रक्त चढवल्यामुळे फसवी ठरू शकते. उपाशीपोटी १२६ किंवा ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० मिलिग्रॅम व त्याहून अधिक साखर हे मधुमेहाचे निकष आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अनेकांची साखर तात्पुरती वाढते. त्यामुळे पक्के निदान प्रकृती आणि औषधांचे डोस स्थिरावल्यावरच केले जाते.

मग औषधे बंद करायची का?

ही सर्वांत घातक चूक ठरेल. डोस चुकला तर अवयव नाकारला जाण्याचा धोका असतो. दुसरीकडे, साखर अनियंत्रित राहिली तर संसर्ग आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. डोस कमी करणे किंवा औषध बदलणे हा निर्णय प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांचाच. आहार, चालणे, गोळ्या आणि गरज पडल्यास इन्सुलिन यांनी साखर आटोक्यात ठेवता येते.

रुग्णांनी काय करावे?

घरी ग्लुकोमीटर असेल तर दुपारच्या जेवणानंतरची साखरही तपासून लिहून ठेवावी. पुढच्या तपासणीला ती वही सोबत न्यावी.