राज्यसभेतला गोंधळ आणि मोंढ्यातला भाव



दिल्लीत एखादा खासदार सरकारवर तुटून पडला की आपल्याकडं पारावर दोन दिवस चर्चा होते. कोण कुणाला काय बोललं, कुणी कुणाची जिरवली, एवढंच त्यात असतं. तो बोलला कशाबद्दल आणि त्याचा आपल्या सोयाबीनशी काय संबंध, हे विचारलं की मंडळी तंबाखू मळायला लागतात. म्हणून आज एक जुनं प्रकरण तुमच्यापुढं मांडतो. आम्ही सरकारी नोकरीतली माणसं, पक्षाची बाजू घेणं आमचं काम नाही. पण शेतमालाच्या कायद्यावर संसदेत काय घडलं हे शेतकऱ्याला समजावून सांगणं हे विस्ताराच्या कामातच येतं, असं मी समजतो.

20 सप्टेंबर 2020, वार रविवार. आपल्याकडं मूग-उडदाची रास होऊन सोयाबीन काढणीला आलेलं होतं. त्या दिवशी राज्यसभेत शेतमाल व्यापाराचं आणि कराराच्या शेतीचं अशी दोन विधेयकं मंजूर झाली. आवश्यक वस्तू कायद्यातल्या दुरुस्तीचं तिसरं विधेयक दोन दिवसांनी झालं. 5 जूनला निघालेल्या अध्यादेशांच्या जागी ही विधेयकं आली होती. विरोधकांचं म्हणणं होतं की ती प्रवर समितीकडं पाठवा, आणि ते जमत नसेल तर मतविभागणी घ्या, म्हणजे किती खासदार बाजूनं आणि किती विरोधात ते मोजा. पीठासीन असलेल्या उपसभापतींनी आवाजी मतदानानं विधेयकं मंजूर केली. सदस्य आपल्या जागेवरून मागणी करत नव्हते, असं एका बाजूचं म्हणणं. आम्ही जागेवरूनच मागणी केली, असं दुसऱ्या बाजूचं. मग गोंधळ झाला, नियमांचं पुस्तक उगारलं गेलं, माईक ओढले गेले. दुसऱ्या दिवशी आठ खासदारांना अधिवेशनाच्या उरलेल्या काळासाठी निलंबित केलं गेलं.

त्या आठांत एक आपल्या शेजारचे होते, कळमनुरीचे राजीव सातव. 2014 ते 2019 या काळात ते हिंगोलीचे खासदार होते. या मतदारसंघात आपल्या नांदेड जिल्ह्यातले किनवट आणि हदगाव हे भाग येतात, तेव्हा इथल्या पुष्कळ वाचकांनी त्यांना मत दिलं असेल किंवा त्यांच्या विरोधात दिलं असेल. निलंबित खासदारांनी ती रात्र संसदेच्या आवारात गांधीजींच्या पुतळ्याजवळ काढली. सकाळी उपसभापती स्वतः चहा घेऊन आले. 16 मे 2021 रोजी कोरोनानंतरच्या आजारपणात सातवांचं निधन झालं. कायदे मागे घेतलेले त्यांना बघायला मिळाले नाहीत.

आता सभागृहात माईक ओढणं, कागद फाडणं हे काही शोभणारं नाही. आपल्या ग्रामसभेत कुणी रजिस्टर हिसकावलं तर आपण त्याला खाली बसवतोच. पण मूळ मागणी काय होती तेही बघितलं पाहिजे. समजा ग्रामसभेत गायरानाच्या जागेचा ठराव आला, निम्मी माणसं हात वर करून मोजणी करा म्हणतायत, आणि अध्यक्षांनी 'मंजूर, मंजूर' म्हणून ठराव लिहून टाकला. तुम्ही काय कराल? तहसीलला अर्ज कराल, बीडीओंकडं जाल. ग्रामसेवकांना (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, काम तेच आहे) हे चांगलं ठाऊक आहे. गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार लागतात हा नियम आपण गावातसुद्धा पाळतो, मग देशाच्या सभागृहात मोजणी मागितली तर ती करायला काय हरकत होती?

यात लातूरचाही एक धागा आहे. चाकूरचे शिवराज पाटील 1991 ते 1996 लोकसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्याच काळात 1993 मध्ये सगळ्या खात्यांसाठी मिळून 17 स्थायी समित्या नेमल्या गेल्या. सभागृहात वेळ थोडा असतो आणि टीव्हीसमोर प्रत्येकाला मोठ्यानं बोलायचं असतं, म्हणून विधेयकाची कलमं समितीत बसून निवांत तपासावीत, जाणकारांना बोलवावं, सगळ्या पक्षांच्या खासदारांनी मिळून अहवाल द्यावा, अशी ही व्यवस्था. शेतीची तिन्ही विधेयकं अशा कुठल्याच समितीकडं गेली नाहीत. विरोधकांच्या टीकेतला मला सगळ्यात वजनदार वाटलेला मुद्दा हाच. भांडवलदार, गुलामगिरी वगैरे भाषणातले शब्द बाजूला ठेवा.

समितीत गेली असती तर काय झालं असतं? निदान दोन-तीन गोष्टी स्वच्छ झाल्या असत्या. बाजार समितीच्या आवाराबाहेर कुणीही पॅन कार्डधारक माल घेऊ शकेल, त्यावर बाजार शुल्क नाही, आणि पैसे जास्तीत जास्त तीन कामाच्या दिवसांत द्यायचे, असं कायदा म्हणत होता. पैसे बुडवले तर दाद मागायची उपविभागीय अधिकाऱ्याकडं, दिवाणी न्यायालयाचा रस्ता बंद. आता हे तुम्हीच ताडून बघा. मोंढ्यात आडत्याकडं माल घातला तर काटापट्टी मिळते, हिशोबपट्टी मिळते, आडत्याचं लायसन्स असतं, तो पळाला तर बाजार समितीच्या दारात बसता येतं. खेडा खरेदीत दारात टेम्पो येतो, हमाली-तोलाई वाचते, पण कागद काय मिळतो? पुष्कळदा वहीच्या पानावर पेनानं लिहिलेला आकडा. पॅन कार्ड म्हणजे काही तारण नव्हे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. धुळे जिल्ह्यातल्या एका मका उत्पादकाचे पैसे व्यापाऱ्यांनी थकवले होते, ते याच कायद्याखाली तक्रार केल्यावर मिळाले. पंतप्रधानांनी नोव्हेंबर 2020 मध्ये 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला होता. शरद जोशींनी उभी केलेली शेतकरी संघटनाही या कायद्यांच्या बाजूनं उभी राहिली, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2021 मध्ये कायद्यांना स्थगिती देऊन जी समिती नेमली तीत संघटनेचे अनिल घनवट होते. बाजार समितीची मक्तेदारी मोडावी ही मागणी आपल्याकडं जुनीच आहे. महाराष्ट्रानं खाजगी बाजार आणि थेट खरेदीची वाट केव्हाच उघडली होती, 2016 मध्ये फळं-भाजीपालाही नियमनमुक्त केला होता.

विरोधकांचं तरी सगळं एका रेषेत होतं का? नाही. काँग्रेसच्या 2019 च्या जाहीरनाम्यात बाजार समिती कायदा रद्द करण्याचं आश्वासन होतं. शिवसेनेनं लोकसभेत विधेयकांना पाठिंबा दिला. महाविकास आघाडी सरकारनं ऑगस्ट 2020 मध्ये अध्यादेश राबवण्याचा आदेश काढला आणि सप्टेंबरच्या शेवटी त्यालाच स्थगिती दिली. त्याआधी डिसेंबर 2012 मध्ये काँग्रेस आघाडीचं सरकार किरकोळ व्यापारात परदेशी कंपन्या आणत होतं, तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी आडत्याची बाजू हिरिरीनं मांडली होती. अडीनडीला शेतकरी जातो आडत्याकडंच, परदेशी दुकानदार त्याला उचल देणार आहे का, असा त्यांचा रोख होता. रेणापूर मतदारसंघातून आमदार राहिलेले गोपीनाथ मुंडे त्या वेळी लोकसभेत त्यांचे उपनेते होते. तो ठराव 253 विरुद्ध 218 मतांनी पडला. आठ वर्षांनी बाकं बदलली आणि आडत्याचे वकीलही बदलले.

म्हणून भाषण कुणाचं आहे यावर फार डोकं शिणवू नका. त्यात विचारलेला प्रश्न कागदावर राहतो का ते बघा. 2020 च्या भाषणांतला राहिलेला प्रश्न हा की, हमीभाव राहणारच आहे तर तो कायद्यात लिहायला काय अडचण आहे? कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर हमीभाव चालूच राहील असं सांगत होते, आणि विरोधक तेच लिहून द्या म्हणत होते. सरकारी आघाडीतल्याच अकाली दलाच्या मंत्र्यांनी 17 सप्टेंबरला राजीनामा दिला आणि नऊ दिवसांनी पक्ष आघाडीतून बाहेर पडला. पंजाबात गहू आणि तांदूळ सरकार मोठ्या प्रमाणावर घेतं, म्हणून तिथं हातातलं जाईल ही भीती होती. आपल्याकडं सोयाबीनचा बहुतेक माल व्यापारीच घेतो. आपल्या हातात ते आलेलंच नव्हतं, म्हणून इथला शेतकरी दिल्लीच्या सीमेवर तेवढा दिसला नाही. त्याला दोष देऊ नये.

ऊस लावणाऱ्यांना फरक लगेच कळेल. उसाची एफआरपी 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली बंधनकारक आहे. 14 दिवसांत पैसे नाहीत तर 15 टक्के व्याज, आणि थकबाकीसाठी साखर आयुक्त कारखान्यावर जप्तीची कारवाई करू शकतात. सोयाबीनच्या हमीभावामागं असा कायदा नाही. 2018 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं हमीभावाखाली खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला शिक्षा करायचं ठरवलं होतं, तर ठिकठिकाणी व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली आणि तो निर्णय मागं पडला. म्हणजे नुसता कायदा करून भागत नाही, भाव पडल्यावर माल घ्यायला सरकार बाजारात उभं पाहिजे. ही गोष्ट विरोधकांच्या भाषणांत फारशी येत नाही.

कायदे 29 नोव्हेंबर 2021 ला मागे घेतले गेले. तेही चर्चेविना! समितीशिवाय आले आणि चर्चेशिवाय गेले.

पण त्या वर्षी लातूरच्या बाजारात काय चाललं होतं ते आठवा. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. ऑगस्टमध्ये केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, आणि आपली रास मोंढ्यात येईपर्यंत भाव उतरला. 20 डिसेंबरला सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले गेले. या निर्णयांसाठी संसदेत कुठलं विधेयक आलं नव्हतं, एका अधिसूचनेवर किंवा आदेशावर काम झालं. तीन कायद्यांवर वर्षभर रान उठलं, त्या मानानं पेंडीवर खासदारांचा आवाज फार कमी निघाला. माझ्या मते आपल्या भागाचं खरं नुकसान तिथं झालं. 2024-25 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये असताना मोंढ्यात त्याच्या खाली सौदे झाले, ओलावा 12 टक्क्यांच्या वर आहे म्हणून खरेदी केंद्रावरून माल परत आला. ओलाव्याची मर्यादा 15 टक्के केली ती नोव्हेंबरच्या मध्यावर, निवडणुकीच्या तोंडावर. तोवर गरजवंतांनी माल विकून टाकला होता.

कंधारचे भाई केशवराव धोंडगे 1977 ते 1980 नांदेडचे खासदार होते. विरोधी बाकावरचा माणूस कसा बोलतो हे या जिल्ह्यानं त्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकलंय. आजही तुमचा खासदार सत्तेत असो की विरोधात, त्याला लेखी प्रश्न विचारता येतो आणि त्याचं उत्तर खात्याला लेखी द्यावं लागतं. ते संसदेच्या नोंदीत राहतं. तेव्हा हार-तुऱ्यासोबत त्याच्या हातात ग्रामसभेचा ठराव द्या. 2025-26 ला हमीभाव 5,328 होता. त्याच्या खाली विकलेल्या मालाच्या हिशोबपट्ट्यांच्या झेरॉक्स ठरावाला जोडा. पट्टीवर तारीख, वजन आणि भाव स्पष्ट हवा. ज्यांनी खेडा खरेदीत माल घातला त्यांच्याकडं पट्टी नसणार, त्यांनी येत्या हंगामात निदान पक्की पावती मागून घ्यावी. आणि ई-पीक पाहणी मुदतीत करा. सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद नसेल तर खरेदी केंद्रावर तुमची नोंदणीच होत नाही, मग माल घेऊन पुन्हा मोंढ्यातच जावं लागतं.