लायसँडर : फसले काय, विमान की मागणी?

‘वेस्टलँड लायसँडर हे फसलेले विमान होते,’ असे दुसऱ्या महायुद्धावरील लोकप्रिय लेखनात सर्रास वाचावयास मिळते. आकडेही त्याच बाजूचे आहेत. मे-जून 1940 मध्ये फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवरील सुमारे 175 लायसँडरपैकी 118 नष्ट झाली. तरीही हा निवाडा मला मान्य नाही.

मागणी काय होती, ते आधी पाहू. ब्रिटिश हवाई मंत्रालयाला सैन्याच्या डोक्यावर घिरट्या घालून शत्रूची हालचाल टिपणारे, तोफांचा मारा कोठे पडतो ते कळवणारे आणि आघाडीलगतच्या कुरणातही उतरू शकणारे विमान हवे होते. तरुण रचनाकार टेडी पेटर याने प्रथम वैमानिकांनाच त्यांच्या गरजा विचारल्या. खालची जमीन नीट दिसावी म्हणून त्याने पंख वैमानिकाच्या डोक्यावर घेतले आणि मुळाशी अरुंद केले. पंखांच्या पुढच्या कडेच्या पट्ट्या वेग घटताच आपोआप पुढे सरकत आणि त्यांच्याबरोबर मागच्या झडपा खाली झुकत. वैमानिकाला हातही लावावा लागत नसे. ताशी सुमारे 105 किलोमीटर इतक्या संथ गतीतही विमान हवेत टिके. 15 जून 1936 रोजी ते प्रथम उडाले.

एक दोष मात्र पेटरच्याच पदरात टाकला पाहिजे. उतरताना शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन बराच बदलावा लागे. ऐनवेळी उतरणे रद्द करून, तो कोन न सुधारता, इंजिन पूर्ण शक्तीने चालवले तर नाक वर उसळून विमान कोसळण्याचा धोका असे.

पण फ्रान्समधील संहाराचे कारण हे नव्हे. संथपणा मागितला गेला, तो दिला गेला, आणि मग त्या संथ विमानाला भर दिवसा मेसरश्मिटपुढे धाडण्यात आले! शत्रूची लढाऊ विमाने आकाशात नसतील, हे गृहीतक कागदावर कोणी मांडले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

(जाता जाता : 1941 साली मुंबईच्या युद्धनिधीतून भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला हीच विमाने मिळाली. फेब्रुवारी 1942 मध्ये करुण मजुमदार यांनी ब्रह्मदेशातून उड्डाण करून, या टेहळणी विमानाला बाँब अडकवून, सयाममधील जपानी तळावर हल्ला केला.)

त्याच संथ विमानाला पुढे पोटाखाली जादा इंधनटाकी आणि कुशीला कायमची शिडी जोडण्यात आली. चांदण्या रात्री ते व्याप्त फ्रान्समधील शेतांत, विजेऱ्यांच्या तीन ठिपक्यांच्या खुणेवर, उतरू लागले. पेटरचे पंख तेच होते. जून 1943 मध्ये टिपू सुलतानाच्या वंशातील नूर इनायत खान अशाच एका लायसँडरमधून फ्रान्समध्ये उतरली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात डाखाऊच्या छळछावणीत तिला ठार मारण्यात आले. तिला आणणारे विमान शेतात काही मिनिटेच थांबले होते.