दुःखाला तारीखच नाही

दरवर्षी २ जानेवारीच्या पहाटे कर्जत-मुरबाड परिसरातली माणसे सिद्धगडावर जमतात. १९४३ साली याच दिवशी तिथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणाऱ्या त्यांच्या आझाद दस्त्याच्या मागावर पोलीस होते. गेलेली माणसे परत आली नाहीत, पण मागे नाव, जागा आणि तारीख राहिली. घराला रडायला आणि कडावसारख्या आसपासच्या गावांना मान लववायला एक ठिकाण मिळाले.

मुंबईतल्या बेपत्ता माणसांच्या कुटुंबांच्या वाट्याला एवढेही आले नाही.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. शिवाय १६८ जण बेपत्ता झाले. ना मृतदेह, ना दफन, ना दहन. बाईने इद्दत, म्हणजे नवऱ्यामागचा शोककाळ, कोणत्या दिवसापासून पाळायची? तेरावे कधी घालायचे? रेशनकार्डावरचे नाव ठेवायचे की कमी करायचे? सात वर्षे ठावठिकाणा लागला नाही तर कायदा माणसाला मृत मानू शकतो, पण घरातल्यांचे कान दाराच्या कडीकडेच लागलेले असतात. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना अमेरिकेच्या संशोधक पॉलीन बॉस यांना हेच दिसले: माणूस गेला की आहे हे ठरत नाही, तोवर शोक सुरूच होत नाही, मग तो संपणार कुठून?

भरपाई दोन लाखांची. १६८ पैकी ६० जणांच्याच वारसांना ती मिळाली. उरलेल्या १०८ कुटुंबांचा शोध घेऊन व्याजासह रक्कम द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ४ नोव्हेंबर २०२२ रोजी. तोवर तीस वर्षे सरत आली होती. तेव्हाची पोरे आता स्वतः आईबाप झाली असतील.

भीतीनेही मुक्काम बदलला. कर्जतकडे येणाऱ्या लोहमार्गावरच्या मुंब्र्यात त्या दंगलींनंतर हजारो मुस्लीम कुटुंबे येऊन राहिली. जुने शेजार तुटले ते तुटलेच. कर्जतहून रोज त्या वाटेने जाणाऱ्या तरुणांपैकी कितीजणांना ही वस्ती कशी वाढली हे ठाऊक आहे?

पैसे द्यायलाच हवेत, उशिरा का होईना. पण धनादेश हाती ठेवून परतणारा सरकारी माणूस अर्धेच काम करतो. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी राज्याने २०१३ साली ‘मनोधैर्य’ योजना आणली, तेव्हा मदतीच्या रकमेबरोबर समुपदेशनही लागते हे सरकारने मान्य केलेच होते. तोच न्याय दंगलग्रस्तांना लावायला अडचण कोणती? वारसांच्या शोधासाठी जाणाऱ्या पथकात एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि तो एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा त्या घरी जावा. कुटुंबांची संमती असेल तर बेपत्ता माणसांची नावे मुंबईत एखाद्या सार्वजनिक जागी कोरावीत आणि वर्षातला एक दिवस त्यांच्यासाठी ठरवावा. या कामाला वेगळा कायदा लागत नाही. गृह आणि आरोग्य या दोन खात्यांनी एकत्र बसून शासन निर्णय काढला तरी सुरुवात होते.